मधुकुंजची भिंत

माझा राग जुना आहे आणि मी तो नीट सांभाळलेला आहे. लोक म्हणतात, यमुनाताई, वय झालं, आता सोडून द्या. असं म्हणणाऱ्यांचं स्वतःचं काही गेलेलं नसतं. माझ्या वखारीत पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या येतात, सागवानी चौकटी येतात, पितळी कड्या येतात आणि त्यांचा भाव मी स्वतः करते. विकणारा कितीही गोड बोलला तरी वाळवी कुठे लागली आहे ते मी आधी बघते. चौकट ठोकून बघायची ही सवय मला माणसांच्या बाबतीतही लागली. ती ज्यांनी लावली त्यांचं नाव सामंत. मधुकुंज सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल, कारण त्यांनी जे केलं ते त्या घराला केलं.

भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमचा पाडा. बाबा मिठागरावर कामाला. त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ कायमचं बसलेलं, त्यामुळे ते घरातही टाचा उचलून चालायचे. बोलायचे फार कमी. बोलण्याचं सगळं खातं आयकडे. आय म्हणजे आमची आई. पहाटे ती बंदरावर जायची, लिलावात माल उचलायची आणि उजाडायच्या सुमाराला पाटी डोक्यावर घेऊन परत यायची. मग मागच्या पडवीत बर्फ फोडण्याचा आवाज, ओलं गोणपाट झटकण्याचा आवाज आणि आयच्या शिव्या. बर्फवाल्याला, दलालाला, मांजरांना. त्या शिव्यांनी मी जागी व्हायची. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, आणि आदल्या दिवशी विकले न गेलेले बोंबील चिंच घालून आंबट केलेले असायचे. आम्ही नेहमी उरलेलं खायचो, पण ते उरलेलं इतकं चविष्ट असायचं की पापलेट हे फक्त दुसऱ्यांच्या घरी शिजणारं म्हावरं आहे याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आज माझ्या फ्रीजमध्ये पापलेट असतं. बोंबलाच्या आंबटाची चव त्याला नाही, आणि हे मी कोणाला सांगत नाही.

आमच्या घराच्या पुढे बाबांच्या नावची जमिनीची एक पट्टी होती. लांबट, अरुंद, भाताला निरुपयोगी. तिच्या पलीकडे मधुकुंज उभी राहिली तेव्हा मी लहान होते. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही. कोणाला हवी होती लिफ्ट? राहायला आले ते गिरगाव, दादरच्या खोल्यांमधून सुटून आलेले तरुण नवरा-बायको, कडेवर एक पोर आणि दुसरं वाटेवर. जिने धावत चढायचे. मधुकुंजमधून मुख्य रस्त्यावर यायला आमच्याच पट्टीवरून वाट होती. बाबांनी कागद न करता सांगून टाकलं होतं, ‘वापरा वाट, शेजारधर्म आहे.’ बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बहुतेक तेच.

त्या इमारतीने आमचं घर चालवलं, हे मी नाकारत नाही. आयची पाटी आत शिरली की मजल्यामजल्यावरून हाका यायच्या. ‘मावशी, कोलंबी आहे का?’ ‘मावशी, आधी माझ्याकडे हं!’ कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाच्या सासूबाई आल्यात म्हणून चार दिवस बंद, हे सगळं आयच्या डोक्यात. श्रावणात ती मधुकुंजमध्ये सुकट घेऊन उगाच एक फेरी मारायची, ‘नंतरचं सांगून ठेवा’ म्हणून, आणि बायका हसत तिला हाकलायच्या. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी मी बरोबर असायची. माझं काम साफ करण्याचं. भाव ठरला की गिऱ्हाईक शेवटी एक वाक्य बोलणारच, ‘साफ करून द्या हं.’ त्याचे वेगळे पैसे नाहीत, तो व्यवहाराचाच भाग. जिन्याच्या चौकात विळी मांडून मी बसायची, खवले काढायची, पोट काढायची, तुकडे करायची. घरातली बाई वरून तांब्याने माझ्या हातावर पाणी धरायची. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाक वळवायची, पण तिच्याच घरचे मासे मी रविवारी साफ केलेले असायचे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही की गणिताची वहीही तिच्यापासून लपवली नाही. मी हुशार होते. दहावीनंतर कॉलेजात जायचं, कॉमर्स करायचं, बँकेत लागायचं, हे आयने ठरवलं होतं. ‘म्हावऱ्याचा हिशेब तोंडी करतेस, बँकेचा करशील,’ म्हणायची.

आता बोहनीची गोष्ट. कोळणी बोहनीच्या बाबतीत फार कडक असतात. दिवसाची पहिली विक्री कोणाच्या हाताने होते त्यावर पाटी खाली होणार की नाही ते ठरतं, अशी आयची पक्की समजूत. आणि मधुकुंजमध्ये चांगल्या हाताचा माणूस कोण? तर चौथ्या मजल्यावरचे सामंत. एकदा त्यांच्याकडे बोहनी झाली आणि दुपारच्या आत पाटी धुऊन घरी आली, तेव्हापासून आय भरलेली पाटी घेऊन आधी चौथ्या मजल्यावर चढायची आणि मग विकत विकत खाली यायची. कोणीही शहाणा माणूस उलटं करेल, ओझं हलकं करत वर जाईल. मी तसं सांगितलं की ती म्हणायची, ‘तुला कळत न्हाय. त्याचा हात बरा हाय.’ सामंतही हे जाणून होते आणि त्याचा फायदा घ्यायचे. बोहनीला आय भाव ताणत नाही हे माहीत असल्यामुळे ते सगळ्यात चांगला तुकडा सगळ्यात स्वस्तात घ्यायचे. गोड बोलायचे. त्यांची बायको बाळंत झाली तेव्हा आयने शोधून शोधून तिच्यासाठी मुडदुशा आणल्या होत्या. बाळंतिणीला ते म्हावरं पचतं. त्याचे पैसे आयने घेतले नव्हते. सामंतवहिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या, ‘मावशी, माहेरचं माणूस असं करत नाही.’

काही वर्षांत मधुकुंज बदलू लागली. पोरं मोठी झाली, घरं अपुरी पडली. काहींनी फ्लॅट विकून ठाण्याला मोठं घर घेतलं, काही वसईकडे गेले. त्यांच्या जागी जे आले त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत मासे चालत नव्हते. त्यांच्यावर माझा राग नाही, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. ज्याला वास सहन होत नाही तो नाक धरतो, दार लावतो, तोंडावर सांगतो. दुसऱ्या मजल्यावर एक नवी बाई आली होती, ती आय जाईपर्यंत दाराआड थांबायची आणि मग अगरबत्ती लावायची. आय तिला हसायची, तीही ओशाळं हसायची. तेवढ्यावर सगळं चाललं असतं. माझा राग आहे तो मासे खाणाऱ्या माणसावर.

तो रविवार मला अजून वासासकट आठवतो. पाटीत पापलेटं होती, हाताएवढी. चौथ्या मजल्यावर आयने पाटी उतरवली तेव्हा तिचा श्वास लागला होता. सामंत बनियन-लेंग्यावर बाहेर आले.

‘वा मावशी! आज काय, समुद्र उपसून आणलात काय?’

‘साहेबाच्या नशिबाचं हाय. बोहनीला भाव नको करू.’

त्यांनी केलाच. दोन मोठी पापलेटं उचलली, कोलंबीचा वाटा उचलला, वर चार कोलंब्या स्वतःच्या हाताने टाकून घेतल्या. मग म्हणाले, ‘साफ करून द्या हं. यमू, कालवणाचे तुकडे वेगळे, तळायचे वेगळे. पोट नीट काढ, मागच्या वेळी कडवट लागलं.’

मी बसले. नीट काढलं पोट. सामंतवहिनींनी हातावर पाणी धरलं, पण त्या दिवशी त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बादलीकडे बघत होत्या. ताट आत गेलं. सामंत हात पुसत परत आले आणि दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, ‘मावशी, एक सांगायचं होतं. उद्यापासून वर येऊ नका.’

‘उद्या सोमवार. उद्या मी येतच न्हाय.’

‘तसं नाही हो. यापुढेच. म्हणजे बिल्डिंगमध्येच. काल मीटिंग झाली, ठराव झालाय. माशांची पाटी आत आणायची नाही.’

आयला आधी गंमतच वाटली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ‘कोनी मांडला ठराव?’

‘आता सेक्रेटरी म्हटल्यावर मलाच मांडावा लागतो. माझं काही नाही हो मावशी. पण फ्लॅट बघायला पार्ट्या येतात. जिन्यात पाणी, खवले, मांजरं. परवा एक पार्टी पहिल्या मजल्यावरूनच परत गेली. भाव पडतो. उद्या मलाही विकायचा झाला तर?’

‘आनि तुज्या घरान आथा जो वास सुटंल त्याचा काय?’

‘आम्ही खिडक्या लावून घेऊ,’ सामंत म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

माझं डोकं तेव्हाही असंच होतं. मी उठले, हातात विळी तशीच. म्हटलं, ‘मग आमचे मासे परत द्या.’

सामंत हसले. रागावले असते तर कदाचित मी विसरले असते. ते हसले आणि म्हणाले, ‘अगं, साफ केलेले मासे परत घेऊन कोणाला विकणार तू?’

खरंच होतं ते. तेवढा व्यवहार त्यांना कळत होता, आणि म्हणूनच त्यांनी आधी साफ करून घेतले आणि मग सांगितलं. आयने माझा दंड धरला, पाटी डोक्यावर घेतली आणि आम्ही उतरायला लागलो. एकेका मजल्यावर आय नेहमीसारखी थांबत होती. हाक मारत नव्हती, फक्त थांबत होती. दारं बंद. एका दारामागे पोराचा आवाज आला, ‘आई, मावशी आली,’ आणि मग कोणीतरी त्याचं तोंड दाबल्यासारखी शांतता. अगरबत्तीवाली बाई मात्र दारात उभी होती. ती आयला म्हणाली, ‘मैंने कुछ नहीं बोला था, मौसी.’ आय तिला म्हणाली, ‘मालूम हाय.’ भरलेली पाटी तशीच घरी आली. आयची बोहनी झाली होती आणि तरी एक मासा पुढे खपला नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलं असावं. पुढे कित्येक दिवस ती मध्येच म्हणायची, ‘हात बरा होता त्याचा.’

पुढच्या महिन्यात त्यांनी भिंत घातली. आम्ही भांडायला येऊ, पाट्या घेऊन गेटवर बसू, अशी त्यांना भीती होती. म्हणून पाड्याकडचं गेटच बुजवायचं ठरलं. मागच्या बाजूला तेव्हा मोकळं मैदान होतं, नवा रस्ता होणार म्हणत होते. तिकडे नवं गेट काढलं, कमान केली, दिवे लावले. इकडे विटांची भिंत, माणसाच्या डोक्याहून उंच, वर काचा. भिंत त्यांनी त्यांच्या हद्दीवर घातली, त्यामुळे आमची पट्टी आमच्याकडे राहिली. बाबा दारात उभे राहून गवंड्याचं काम बघत होते. संध्याकाळी इतकंच म्हणाले, ‘वाट दिली होती. त्यांना नको झाली.’

मधुकुंजने केलं म्हणताच शेजारच्या इमारतींनीही केलं. आय बाजारात बसायला लागली, पण तिथे जुन्या बायका तिला कोपऱ्यापलीकडे सरकू देत नव्हत्या. दारोदारचं गिऱ्हाईक गेलं ते गेलं. मी दहावी झाले, चांगल्या मार्कांनी झाले, आणि कॉलेजच्या ऐवजी एका जुन्या लाकूडवाल्याच्या वखारीत खिळे काढायला लागले. खिळे काढता काढता लाकूड शिकले, लाकडापाठोपाठ माणसं. पुढे तीच वखार मी घेतली. ही सगळी चढाई मला अभिमानाची वाटते, पण बँकेच्या काचेआड बसलेली कोणी मुलगी दिसली की मी अजून तिच्या हाताकडे बघते.

आयने आपला सूड तेव्हाच सुरू केला होता. मोकळ्या झालेल्या पट्टीवर, बरोबर भिंतीला लागून तिने बांबू उभे केले, दोऱ्या ताणल्या आणि बोंबील वाळत घातले. सगळा उन्हाळा. वारा खाडीकडून वाहायचा तो थेट मधुकुंजच्या खिडक्यांत. त्यांनी अर्ज केले, नगरपालिकेचा माणूस आला, त्याने भिंत पाहिली, बांबू पाहिले आणि म्हणाला, ‘जागा यांची आहे. भिंत तुम्ही घातलीत.’ आयने त्याला जाताना ओंजळभर सुके बोंबील दिले.

आता अलीकडचं सांगते. मधुकुंजमध्ये धावत जिने चढणारी ती माणसं आज पंच्याहत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्या पोरांनी इंजिनिअरिंग केलं आणि ती गेली, कोणी बंगळुरूला, कोणी कॅनडाला. तिथे त्यांना एक मूल, किंवा तेही नाही. मधुकुंजमध्ये पाळणा हलल्याचं कोणाला आठवत नाही. मी जिथे शिकले त्या मराठी शाळेचे वर्ग पोरांअभावी एकेक करून बंद झाले, तिची बाकं माझ्याच वखारीत आली. शाळेसमोर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, तिथे आता औषधं मिळतात आणि मोठ्या माणसांचे डायपर. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात, भाजीवाला त्यात भाजी घालतो. गुडघे गेलेत. सामंतवहिनी गेल्या तेव्हा त्यांना जिन्याच्या वळणावरून कसं उतरवलं ते मला वॉचमनने सांगितलं, ते लिहीत नाही. सामंत तेव्हापासून खाली उतरले नव्हते. पोरगी टोरांटोहून रोज फोनवर तोंड दाखवते आणि सांभाळायला एक बाई ठेवलेली आहे.

शांती नगर, पूनम सागर या वसाहतींतल्या जुन्या इमारती पाडायला निघाल्या तसं मधुकुंजलाही वाटू लागलं, आपण पुन्हा बांधून घ्यावं. नवी इमारत, लिफ्ट, रॅम्प. बिल्डर मिळाला. आणि मग कळलं की समोर रुंद रस्ता असल्याशिवाय उंच इमारतीला परवानगी मिळत नाही. कमानीच्या गेटाकडचा तो नवा रस्ता कधी झालाच नाही, तिथे दुकानं आणि गटार मिळून एक बोळ झाला आहे. रुंद रस्ता झाला तो पाड्याच्या बाजूला. तो रस्ता आणि मधुकुंज यांच्यामध्ये त्यांचीच भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे आमची पट्टी.

बिल्डरचा माणूस भावेश माझ्याकडे चार वेळा आला. गोड मुलगा, तीन भाषा एका वाक्यात बोलतो. ‘ताई, रेट बोलो ना. बाजारभावापेक्षा वर देतोय.’ मी त्याला दर वेळी चहा दिला आणि दर वेळी म्हटलं, ‘बाबांच्या मागे जागा आयची आहे. ज्यांना वाट हवी त्यांनी आयकडे यावं. सेक्रेटरींनी यावं, अजून सामंतच आहेत ना.’

‘ते तर ऐंशीचे आहेत, ताई. चौथा माळा.’

‘आमची आय भरलेली पाटी घेऊन चढायची. ते रिकामे उतरू शकतात.’

आणि सामंत आले. दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. भिंत नसती तर त्यांची हाक आमच्या ओटीवर ऐकू आली असती, पण भिंत होती. म्हणून कमानीतून बाहेर, बोळातून, गटारावरच्या फरशीवरून, बाजाराला वळसा घालून, मासळीवाल्यांच्या रांगेसमोरून रिक्षा आली. ट्रॅफिक होतं. मी ओटीवर उभी राहून वाट बघत होते आणि मला अजिबात घाई नव्हती.

ते खुर्चीत बसले. आय झोपाळ्यावर होती. तिला कमी ऐकू येतं, पण दिसतं सगळं. सामंत हात जोडून म्हणाले, ‘मावशी, ओळखलंत का?’

‘वैनी कवा गेली?’ आयने विचारलं.

‘दीड वर्ष झालं.’

‘बरी होती,’ आय म्हणाली. ‘पानी नीट धरायची.’ मग माझ्याकडे वळून, ‘यमू, वाट दे त्यांना. म्हातारी मानसं हायत. पन फुकट नको.’

भावेशने लगेच नकाशा पसरला. मी म्हटलं, ‘पैशाचं मी तुझ्या मालकाशी बघून घेईन. माझी अट वेगळी आहे. नवं गेट इथेच होईल, या पट्टीवर. आणि गेटाच्या आत, डाव्या हाताला, एक दगडी ओटा. वर छप्पर, शेजारी नळ, खाली मोरी. माशांच्या पाटीसाठी. करारात लिहायचं, कायमचं. बिल्डिंगमधल्या कोणीही, कधीही, कुठल्याही ठरावाने तो हलवायचा नाही.’

भावेशचा चेहरा पडला. ‘ताई, असं नका करू. गेटवर मासे? वरचे फ्लॅट कोण घेणार? भाव पडेल ना!’

‘हेच मी ऐकलंय एकदा,’ मी म्हटलं. ‘त्या वेळी भाव वाचला. आता पडू दे.’

‘आणि बसणार कोण? पाड्यातल्या मुली मॉलमध्ये आहेत, कॉल सेंटरला आहेत. तुमचा मुलगापण पुण्यात. पाटी उचलणारी राहिली कोण?’

खोटं बोलत नव्हता. आमच्या पाड्यातही आता घरटी एकेक पोर, आणि ते पोर म्हावरं मोबाईलवर मागवतं. मी म्हटलं, ‘मी आहे. बाकीची काळजी तू करू नकोस.’ मग सामंतांकडे वळले. ‘ठराव सर्वसाधारण सभेत व्हायला हवा. मांडायचा तुम्ही. सेक्रेटरी म्हटल्यावर तुम्हालाच मांडावा लागतो.’

त्यांना आठवत होतं. मला भीती होती की विसरले असतील आणि मग माझं इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात जाईल. पण ते आयकडे न बघता म्हणाले, ‘मांडतो.’

‘आणि तुमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गेटाच्या डाव्या बाजूचा. भावेश, लिहून घे.’

‘मला वरचा चालला असता,’ सामंत हळूच म्हणाले. ‘लिफ्ट होणारच आहे.’

‘गुडघे दुखतात ना? मग पहिलाच बरा. खिडकी बरोबर ओट्यावर येते.’

त्यांनी मान हलवली. सही झाली. भिंत पडली त्या दिवशी मी वखार बंद ठेवून बघायला उभी राहिले. आय म्हणाली, विटा चांगल्या आहेत, फुकट जाऊ देऊ नकोस. मी त्या उचलल्या आणि विकल्या. इमारत अजून उभी राहते आहे. ओट्याची जागा आखून झाली, मी स्वतः दोरी धरून मापली. सामंत तोवर भाड्याच्या घरात राहतात, खालच्या मजल्यावर, आमच्याच रस्त्याला. परवा त्यांच्या बाईने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून बांधकाम दाखवायला आणलं होतं. मला बघून थांबले. तोंडाची नुसती कातडी राहिली आहे, पण डोळे तेच, पाटीतला सगळ्यात चांगला तुकडा शोधणारे.

‘यमू,’ ते म्हणाले, ‘पापलेट खाऊन फार दिवस झाले गं. ही आमची बाई मासे हातात धरत नाही, आणि माझे हात थरथरतात. ओटा झाला की रविवारी येशील ना? पहिली बोहनी माझी.’

‘येईन,’ मी म्हटलं. ‘ताजं आणीन. भाव मी सांगेन तोच.’

‘चालेल, चालेल.’

‘पण साफ करून मिळणार नाही.’